विज्ञानाच्या तासाला चिकित्सक विचार शिकवताना या चुका टाळा

प्राथमिक वर्गात प्रयोग होऊनही मुले विचार करताना दिसत नाहीत, तेव्हा साहित्य अपुरे असण्यापेक्षा निष्कर्ष आधीच सांगून टाकलेला असण्याची शक्यता अधिक असते. पाणी भरलेल्या बशीत पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर ग्लास पालथा घालण्याचा परिचित प्रयोग पाहा. पाणी ग्लासात चढले की ‘हवेत सुमारे 21 टक्के ऑक्सिजन असतो, तो संपला म्हणून तेवढे पाणी वर आले’ असे सांगितले जाते, आणि आकडा जुळल्यासारखा वाटल्याने कोणी हरकतही घेत नाही. वास्तविक ज्योत विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योतीने तापून प्रसरण पावलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, हे पाणी चढण्याचे मुख्य कारण आहे. मात्र हे खरे कारणही लगेच सांगू नये. शिक्षकांनी स्वतः मेणबत्त्या पेटवाव्यात आणि पाणी ज्योत जळताना अधिक चढते की विझल्यानंतर, तसेच त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्यास किती चढते, हे मुलांना पाहू द्यावे. ऑक्सिजन तेवढाच असताना पाणी जास्त चढले, की पहिले स्पष्टीकरण मुलेच मोडीत काढतात. अंदाज मात्र आधी वहीत लिहून घ्यावा, नाहीतर प्रयोगानंतर ‘मला माहीतच होते’ म्हणणारे फार निघतात.

दुसरी चूक म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी बदलणे. खिडकीतल्या मटकीला पाणी घातले, कपाटातली कोरडी ठेवली आणि ‘अंकुरण्यासाठी उजेड लागतो’ असा निष्कर्ष फळ्यावर लिहिला, तर घरी फडक्यात बांधलेल्या मटकीला अंधारातच मोड येतात हे पाहिलेले मूलही तो निमूट उतरवून घेते. दोन्हीकडे सारखेच पाणी देऊन केवळ उजेड बदलावा.

वर्ग गप्पच राहत असेल, तर ‘काही शंका?’ या प्रश्नाचा उपयोग होत नाही. ‘हे कशावरून म्हणतोस?’ असे विचारावे आणि तेही बरोबर उत्तर देणाऱ्याला आवर्जून विचारावे. केवळ चुकलेल्यालाच विचारले, तर मुले त्या प्रश्नाचा अर्थ ‘उत्तर बदल’ असा घेतात. याउलट, कोणी दुखावू नये म्हणून सर्वांचीच मते बरोबर ठरवणेही घातक आहे.

एवढे करूनही चाचणीत व्याख्याच विचारल्या, तर मुले व्याख्याच पाठ करतील. त्याऐवजी मटकीच्या निरीक्षणांचा तक्ता देऊन, त्यावरून कोणता निष्कर्ष काढता येत नाही, असा एक तरी प्रश्न घालावा.