मोठ्या कंपनीची ऑफर आली की सही करायच्या आधी हे बघा

सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा, आकडा बघून लगेच हो म्हणू नका, आधी ऑफर लेटरमधलं सॅलरी ब्रेकअपचं पान उघडा. बेसिकच्या (मूळ पगाराच्या) 12 टक्के तुमचा पीएफ कापला जातो आणि कंपनीचा वाटापण बहुतेक वेळा सीटीसीतच धरलेला असतो, ग्रॅच्युइटीपण त्यातच, आणि ती साधारण 5 वर्षं टिकलात तर मिळते, व्हेरिएबलचं (कामगिरीवर ठरणाऱ्या भागाचं) तर काही खरं नसतं. म्हणून एचआरला सरळ विचारा, दर महिन्याला हातात किती येणार?

मग नोटीस पिरियड. आयटीत बऱ्याच ठिकाणी 90 दिवस असतो आणि पुढची कंपनी म्हणते 30 दिवसांत या, इथे खूप जण अडकतात, मीपण अडकलो होतो. बायआउट, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून लवकर निघणं, चालतं का ते मेलवर लेखी घ्या.

मेडिक्लेममध्ये आईवडील बसतात का हे नक्की विचारा. माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काउंटरवर फक्त ई-कार्ड दाखवलं, डिपॉझिट मागितलं नाही, आईच्या चेहऱ्यावरचं टेन्शनच गेलं, त्या दिवशी मोठ्या कंपनीत असल्याचं खरंच बरं वाटलं.

पुण्यात हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये ऑफिस असेल तर फेज 1 की फेज 3 ते विचारा आणि जॉइन व्हायच्या आधी एकदा सोमवारी सकाळी 9 ला वाकडवरून जाऊन ट्रॅफिक बघा. आणि आत काम करणाऱ्या कुणाला तरी गाठाच, बेंचवर (प्रोजेक्ट नसताना नुसतं) किती दिवस बसवतात, अप्रेझलचं रेटिंग नक्की कोण ठरवतं, मॅनेजर सुट्टी देतो का, हे एचआर नाही सांगणार, तोच सांगेल.