नाशिकच्या सिडकोत खोली बघताय? आधी नेमणूकपत्र नीट वाचा

लहानपणी सुट्टीत मामाकडे येऊन पाहिलेली सिडको डोक्यात धरून धुळे-जळगावाकडून आलात, तर त्रिमूर्ती चौकातच गोंधळ उडेल. तेव्हाच्या बैठ्या घरांवर दोन-दोन मजले चढलेत, लोखंडी जिने थेट गल्लीत उतरलेत आणि उरलेल्या जागेत मोटारसायकली लागतात. सामानाचा टेम्पो बऱ्याच गल्ल्यांत वळत नाही, चौकातच लावावा लागतो. कागदोपत्री या भागाला 'नवीन नाशिक' म्हणतात, तोंडी मात्र सगळे सिडकोच. पत्ता 'एन-४२' अशा आकड्याने सुरू होतो. नुसत्या आकड्यावर रिक्षावाला नेत नाही, त्यामुळे घरमालकाकडून चौकाचं नाव आणि जवळचं मंदिर किंवा शाळा विचारून घ्या.

आता मुख्य गोष्ट. 'नाशिकला एमआयडीसीत लागलो' एवढ्यावर खोली घेऊ नका. इथे एमआयडीसी एकच नाही. अंबड सिडकोला लागून आहे आणि सातपूर त्र्यंबक रस्त्याला. गोंदे मुंबईच्या वाटेवर, वाडीवऱ्हेच्या पट्ट्यात. मुसळगाव आणि माळेगाव या सिन्नरच्या, म्हणजे पुणे रस्त्याला ३० किलोमीटरच्या आसपास. त्यातही नेमणूकपत्रावर 'माळेगाव' दिसलं की आपल्या मंडळींना धुळ्याच्या वाटेवरचं मालेगाव आठवतं. हे ते नाही. एका 'ळ'मुळे माणूस उलट्या दिशेला जातो.

दरवर्षी पोरं हीच चूक करतात. नोकरी सिन्नरला आणि अनामत सिडकोत भरलेली. पहिली पाळी सकाळी ७ ची असली की अंधारातच घर सोडावं लागतं. तीन महिन्यांत जीव मेटाकुटीला येतो, ११ महिन्यांच्या करारातून मधेच बाहेर पडायचं म्हटलं की अनामत कापली जाते. म्हणून क्रम असा ठेवा. आधी नेमणूकपत्रावरचा पूर्ण पत्ता वाचा. मग कंपनीची बस आहे का, कुठल्या थांब्यावरून आणि किती वाजता उचलते, ते कंपनीत विचारा. त्या थांब्यापासून दहा मिनिटं चालत जाता येईल अशी खोली बघा. कामाच्या दिवशी, पाळीच्या वेळेला एकदा तो प्रवास करा. पैसे त्यानंतर.

आणि 'आपला खान्देशी माणूस आहे, कागद कशाला' हे ऐकून घेऊ नका. सिडकोत अहिराणी बोलणारं दार शोधावं लागत नाही. अडीनडीला ही माणसं रात्री-अपरात्री धावून येतात, ते खरंच. पण अनामतीचा वाद झाला की गावाचं नातं आड येतं आणि तोंड उघडता येत नाही. नोंदणी केलेला भाडेकरार करा, अनामत बँकेतून द्या. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

शहरातल्या लाल गाड्या आता विसरा. जुलै २०२१ पासून शहर बस म्हणजे महापालिकेची सिटीलिंक, तिला एसटीचा पास चालत नाही. धुळ्याकडून येणारी एसटी ठक्कर बाजारला, म्हणजे नव्या सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकाला) लागते. जुनं सीबीएस वेगळं. गाडी पुढे मुंबईला जाणारी असेल तर मुंबई नाक्याच्या महामार्ग स्थानकावर उतरा, तिथून सिडको जवळ पडते. खासगी ट्रॅव्हल्सवाल्याला मात्र उड्डाणपुलावरून जाणार की खालून, हे बसतानाच विचारा. भुसावळहून रेल्वेने आलात तर नाशिकरोडला उतराल. स्टेशनपासून सिडको साधारण १० किलोमीटर आहे. रिक्षा मीटरवर क्वचितच येते, त्यामुळे भाडं आधी ठरवा. एकटे असाल तर शेअर रिक्षा किंवा सिटीलिंक बरी. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटीकडे काम काढूच नका.

खाण्याचं म्हणाल तर मेसचे महिन्याचे पैसे भरण्याआधी दोन दिवस रोख देऊन जेवा. एक दिवस दुपारी, एक दिवस रात्री, कारण रात्रीची पोळी दुपारचीच आहे का ते तेव्हाच कळतं. खाडा किती दिवसांचा धरतात आणि रविवारी रात्री बंद असते का, हे विचारा. शेवभाजी आणि भरीत सिडकोत घरच्यासारखं मिळतं, पण रोज तेच खाऊन नाशिकची चव चुकवू नका. इथली मिसळ सकाळी खायची. काळ्या मसाल्याचा रस्सा, मटकी, शेव, सोबत पापड आणि दही. पहिल्या घासाला सौम्य वाटते, चटका मागून येतो. म्हणून दही सुरुवातीलाच कालवू नका, शेवटाला ठेवा. रस्सा पुन्हा मागता येतो, जास्तीच्या पावाचे पैसे पडतात. मेन रोडकडे गेलात तर सायंताराचा साबुदाणा वडा खा. उलटा वडापाव, म्हणजे अख्खा पावच बेसनात बुडवून तळलेला, हाही इथलाच. तो गरम असतानाच खावा, गार झाला की तेल धरतो. गावी नेण्यासाठी कोंडाजीचा चिवडा घ्या.

गावाहून परतताना सोमवारी पहिली पाळी असेल तर रविवारी दुपारीच निघा. संध्याकाळच्या गाड्या धुळ्यातच भरतात आणि मालेगावपासून पुढे उभं राहून यावं लागतं.