गावात जवानांचं स्मारक करायचं आहे? आधी नावं, मग दगड

गावाच्या बागेत किंवा शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत जवानांचं स्मारक करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत गाडी दगडावर येते. ग्रॅनाइट घ्यायचा की संगमरवर, बंदूक उलटी ठेवायची की सरळ, उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. आमच्या गावात अशा दोन बैठका झाल्या. तिसरीत मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "माह्या दिराचं नाव हाये का त्याच्यात?" कोणालाच सांगता येईना. दीर १९७१ च्या लढाईच्या वेळी पलटणीत होता, एवढंच दोघा-तिघांना आठवत होतं. यादी कोणी केलीच नव्हती.

मी विदर्भातल्या आमच्या गावच्या शाळेत शिकवायचो आणि समितीचा सचिव होतो. स्मारक उभं राहायला अडीच वर्षं लागली, त्यातलं एक वर्ष यादीतच गेलं. ते वर्ष वाया गेलं असं मला वाटत नाही. जे गाव हे काम हाती घेणार असेल त्यानं सुरुवात तिथूनच करावी.

यादी

एक जाड वही घ्या आणि घरोघर फिरा. सोबत गावातला एखादा माजी सैनिक हवाच, कारण शिपाई, नाईक, हवालदार, नायब सुभेदार ही चढण त्याला कळते आणि डिस्चार्ज बुक हातात आलं की कोणत्या पानावर काय असतं हेही त्याला ठाऊक असतं. प्रत्येकाबद्दल लिहून घ्या: पूर्ण नाव, सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, भरती आणि निवृत्तीचं साल. वीरमरण आलं असेल तर तारीख आणि ठिकाण. घरच्यांकडे कागद असतातच, फक्त ते शोधावे लागतात. एका घरी आजीनं खाटेखालून पत्र्याची पेटी ओढली. लुगड्याच्या घडीत प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात तार, पेन्शनचं पुस्तक आणि पलटणीतून आलेलं पत्र. घडीवर घडी पडून पत्र चार जागी फाटलं होतं. असे कागद मागून नेऊ नका. तिथंच मोबाइलवर फोटो घ्या आणि जिथले तिथे ठेवा.

त्यानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जिल्ह्यातले माजी सैनिक आणि वीरनारी, म्हणजे वीरगती मिळालेल्या जवानांच्या पत्नी, यांची नोंद तिथं असते. ग्रामपंचायतीच्या पत्रावर रीतसर विचारणा केली की काम सोपं होतं. स्वातंत्र्यानंतर वीरगती मिळालेल्यांची नावं दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर कोरलेली आहेत. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालं आणि त्यावरची नावं इंटरनेटवरही शोधता येतात. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाकडे आहे. आपल्याकडून कोण कशाला गेलं असेल, असं समजू नका. महार रेजिमेंटची दुसरी पलटण १९४२ साली आपल्या कामठीतच उभी राहिली. नागपूर-भंडाऱ्याकडच्या गावांनी तर हे जरूर तपासावं.

आणखी एक ठिकाण विसरू नका. 'मेरी माटी मेरा देश' मोहिमेत ऑगस्ट २०२३ मध्ये गावोगावी शिलाफलक लागले, त्यावर गावच्या वीरांची नावं आहेत. तुमच्या गावातला फलक वाचा. त्यावर नाव सुटलं असेल किंवा चुकलं असेल तर तीच चूक नव्या दगडावर उतरवू नका.

कोणाचं नाव, कोणाचं नाही

वाद इथंच होतात, म्हणून नियम आधी लिहून ग्रामसभेत मंजूर करून घ्या. राष्ट्रीय युद्ध स्मारकावर भूदल, नौदल आणि वायुदलाचे जवान आहेत. पोलीस आणि केंद्रीय दलांसाठी दिल्लीतच राष्ट्रीय पोलीस स्मारक वेगळं आहे, २१ ऑक्टोबर २०१८ पासून. देशाला दोन स्मारकं परवडतात, गावाला नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाच्या हल्ल्यात गेलेले बुलढाणा जिल्ह्याचे दोन्ही जवान केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. त्यांच्या गावात जाऊन कोणी म्हणेल का, की हे सैनिक नव्हेत? माझं मत स्पष्ट आहे: वर्दीत कर्तव्यावर असताना जो गेला, त्याचं नाव दगडावर यावं, मग वर्दी कोणत्याही खात्याची असो.

त्याच वर्षी १ मे रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. पंधरा पोलीस जवान गेले आणि त्यांच्या गाडीचा चालकही गेला. तो खासगी चालक होता, त्याच्या अंगावर वर्दी नव्हती. तुमच्या गावात असा माणूस असेल तर नियमाचं बोट धरून त्याला बाहेर ठेवू नका. त्याच्यासाठी ग्रामसभेत वेगळा ठराव घ्या आणि नाव कोरा.

आष्टी-चिमूरच्या भागात १६ ऑगस्ट १९४२ चे हुतात्मे आहेत. स्वातंत्र्यसैनिक आणि जवान एकाच रांगेत मिसळू नका, दगडाची वेगळी बाजू त्यांना द्या. सेवा करून घरी परतलेल्या माजी सैनिकांची यादी वाढत जाणारी असते, म्हणून तिच्यासाठी शेजारी वेगळी पाटी करा आणि खाली जागा सोडा. वीरगती मिळालेल्यांच्या दगडावर मात्र रिकाम्या ओळी आखून ठेवू नका. ज्यांची पोरं आज सीमेवर आहेत त्या आयांनी ती रिकामी जागा रोज का म्हणून बघावी?

क्रम तारखेनं लावा. हुद्द्यानं नको, आडनावानं नको, वर्गणीच्या आकड्यानं तर मुळीच नको.

एका मात्रेची गोष्ट

आपल्याकडे वानखडेही आहेत आणि वानखेडेही. आमच्या यादीतला एक जवान माझ्याच हाताखाली शिकलेला. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात त्याचं आडनाव मीच लिहिलं होतं, वानखेडे. पलटणीच्या कागदावरही तेच, कारण भरतीला त्यानं शाळेचाच दाखला नेला. दगडाचा मजकूर घेऊन त्याच्या वडिलांकडे गेलो तर ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, आमी वानखडे. पोट्टं तुमाले घाबरे म्हणून बोललं नाही." सातबाऱ्यावर, घराच्या पाटीवर सगळीकडे वानखडे. ती जास्तीची मात्रा मी दिली होती आणि ती त्याच्यासोबत शेवटपर्यंत गेली. दगडावर वानखडे कोरलं. सरकारी नाव वहीत नोंदवून ठेवलं.

म्हणून सांगतो, कोरणाऱ्याकडे मजकूर देण्याआधी तो खऱ्या आकारात कागदावर छापून घ्या आणि पंधरा दिवस शाळेच्या भिंतीवर लावा. शेजारी दोरीला पेन्सिल बांधा. मग प्रत्येक घरच्या माणसाची सही घ्या. कोरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलला की जोडाक्षरं तुटतात, रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, तेव्हा त्याच्याकडचा शेवटचा नमुनाही स्वतः वाचा. पदकांची नावं तपासा: परमवीर, महावीर आणि वीर चक्र युद्धातल्या शौर्यासाठी, तर अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र एरवीच्या शौर्यासाठी. वीर चक्र आणि शौर्य चक्र यांत गल्लत फार होते.

जागा

चौक नको. सार्वजनिक रस्त्यावर पुतळे किंवा अशी बांधकामं होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१३ चा आदेश आहे. शिवाय चौकात ट्रॅक्टर वळतात, बॅनर लागतात आणि नावासमोर दोन मिनिटं उभं राहता येत नाही. ई-क्लास किंवा गायरान, म्हणजे गावाच्या चराईची सरकारी जमीन, डोळ्यांसमोर असते, पण अशा जमिनींवरच्या अतिक्रमणाबाबतच्या २०११ च्या न्यायालयीन निकालानंतर ती मिळणं अवघड झालं आहे. गावठाणातली, ग्रामपंचायतीच्या नावावर असलेली जागा सर्वांत बरी. पटवाऱ्याकडून आणि पंचायतीतून कागद काढा, मोजणी करून घ्या, मगच ग्रामसभेत ठराव घ्या. नगरपंचायतीची बाग असेल तर ठराव तिथल्या सभेचा लागेल.

पुतळ्याचा मोह टाळा. पुतळ्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, त्यात वर्षं जातात. स्वस्तातला अर्धपुतळा घरच्यांना ओळखूही येत नाही, आणि आईला आपल्या लेकाचा अनोळखी चेहरा दाखवण्यापेक्षा नाव पुरे. तीन सिंहांची राजमुद्रा दगडावर कोरू नका. २००५ च्या कायद्यानं तिच्या वापरावर बंधन आहे.

पाया

दगडाखालचा हा पैसा कोणाला दिसत नाही आणि म्हणून तिथंच हात आखडता घेतला जातो. पूर्णेच्या खोऱ्यात, आणि विदर्भात जिथं जिथं काळी माती आहे तिथं, ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये शेतातल्या भेगेत हात जातो, हे आपण सगळेच पाहतो. तीच भेग चबुतऱ्याखालीही पडते. आमचा पहिला चबुतरा ठेकेदारानं दोन फूट खोल पायावर उभा केला. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला आणि तिसऱ्या पायरीपासून वरपर्यंत तिरपी चीर गेली. सगळं उकरून पुन्हा करावं लागलं. वर्गणीचा पैसा होता. शेतमजूर बायांनी एका दिवसाची मजुरी दिली होती, ते आठवलं की आजही जीव तुटतो.

काळी माती पूर्ण काढून घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरला विचारून पाइल, म्हणजे खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घ्या. खड्डा त्याच काळ्या मातीनं भरू नका, मुरूम थराथरानं टाकून पाणी मारत धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. चबुतऱ्याच्या तळाशी चारी बाजूंनी सळईचा बीम फिरवा. भोवती तीन-चार फूट रुंद फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही. आणि झाड लावायचं ते पंधरा-वीस फूट लांब. निंब लावा, सावली देतो. पण मुळं पायाजवळचं पाणी ओढतात आणि माती तिथंच आकसते.

दगड, ऊन, पैसा

मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर दुपारी डोळा ठरत नाही, म्हणून नावांचा दगड उत्तरेकडे तोंड करून बसवा. अक्षरं नुसती रंगवू नका, खोल कोरा. सोनेरी रंग दोन-तीन उन्हाळ्यांत उडतो, खोदलेलं अक्षर रंग गेला तरी सावलीनं वाचता येतं. अक्षराची उंची किमान एक इंच हवी आणि सगळ्यांत खालची ओळ कमरेच्या वर. पायऱ्यांसोबत उतरता रस्ता करा, एक फूट चढायला बारा फूट लांबीचा, कारण इथं येणारे बरेचजण काठी टेकत येतात. सावलीत एक ओटा बांधा.

ध्वजस्तंभ सगळ्यांना हवा असतो. जुलै २०२२ पासून तिरंगा रात्रंदिवस फडकवण्याची मुभा आहे, पण उन्हानं विटलेला, वाऱ्यानं फाटलेला झेंडा वर राहणं हा अपमान आहे. रोज लक्ष देणारा माणूस नसेल तर स्तंभ उभारा आणि झेंडा ठरल्या दिवशीच लावा.

वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या, गणेश मंडळं घेतात तशीच. स्वतंत्र बँक खातं, दोघांच्या सह्या, आणि दर महिन्याचा हिशोब पंचायतीच्या फळ्यावर. दात्यांची नावं वहीत लिहा. नावांच्या दगडावर जवानांशिवाय कोणाचंही नाव येऊ देऊ नका, उद्घाटकाचंही नाही. आमच्याकडे यावरून दोन मोठे देणगीदार मागे सरले. सरू दिलं.

तो दिवस आणि नंतर

उद्घाटनाला २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १६ डिसेंबरचा १९७१ चा विजय दिवस किंवा ७ डिसेंबरचा ध्वजदिन, यांतला डिसेंबर बरा. ना पाऊस, ना ऊन. पडदा वीरमातेच्या किंवा वीरनारीच्या हातानं उघडा आणि त्यांची खुर्ची पाहुण्यांच्या मागे नाही, पुढे ठेवा. भाषणं दोनच. नावं मात्र सगळी मोठ्यानं वाचा आणि प्रत्येक नावानंतर थांबा.

देखभालीचा खर्च पंचायतीच्या वार्षिक अंदाजपत्रकात लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी गाजरगवत माजतं. दगड साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसा, ॲसिड लावू नका. वहीची एक प्रत शाळेत, एक पंचायतीत ठेवा. दर वर्षी दोनदा, मृग लागण्याआधी आणि दिवाळीनंतर, चबुतऱ्याला फेरी मारा. बारीक चीर दिसली तर तिच्या टोकाला पेन्सिलीनं आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. पुढच्या फेरीला चीर रेघेच्या पलीकडे गेली असेल, तर त्याच आठवड्यात मिस्त्री बोलवा.