सेकंड लाइफचा व्ह्यूअर बिल्ड करताना अडलात? ही फाइल बघा

सेकंड लाइफ या ऑनलाइन आभासी जगात शिरायचा प्रोग्राम म्हणजे व्ह्यूअर; त्याचा सोर्स २००७ पासून खुला आहे. गिटहबवरून क्लोन करणं सोपंच. घोडं पेंड खातं ते ऑटोबिल्ड या बिल्डच्या टूलच्या 'कॉन्फिगर' पायरीला. इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे-जिलबी हाणून घरी आलो, तरी स्क्रीनवर तीच एररची ओळ! कारण क्षुल्लक. बिल्ड व्हेरिएबल्सची रिपॉझिटरी वेगळी असते. तीही क्लोन करा आणि तिच्यातल्या 'व्हेरिएबल्स' फाइलचा पूर्ण पाथ 'ऑटोबिल्ड व्हेरिएबल्स फाइल' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाका. नाव सगळं कॅपिटलमध्ये, शब्दांमध्ये अंडरस्कोर. कॉन्फिगरेशन मात्र 'रिलीज-ओएस'सारखं, शेवटी 'ओएस' असलेलंच घ्या. इथे ओएस म्हणजे ओपन सोर्स बरं का, विंडोज-लिनक्सशी संबंध नाही! बाकीच्या कॉन्फिगरेशन्सना हॅवॉक या फिजिक्स इंजिनसारख्या बंद सोर्सच्या लायब्ररी लागतात, त्या आपल्याला मिळत नाहीत.