‘इंप्रेशन, सूर्योदय’चा अभ्यास: सूर्य पेटतो तो कशामुळे?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८७२ साली रंगवलेलं फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचं हे चित्र उतरवताना बहुतेकांचा सूर्य फसतो. उजेड दाखवायचा म्हणून नारिंगीत पांढरा मिसळला जातो आणि ती खडूसारखी फिकी पडते. मूळ चित्र कृष्णधवल करून पाहा, सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! तो आभाळाइतकाच उजळ आहे. पेटलेला भासतो तो भोवतीच्या निळसर राखाडीमुळे.

मूळ कॅनव्हास ४८ × ६३ सेंमी. अभ्यासाला निम्मा, २४ × ३१.५ घ्या. तैलरंग पाच पुरतात: टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन (गडद निळा), व्हिरिडियन (निळसर हिरवा), कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड.

आभाळाला साधारण चार भाग पांढरा, एक भाग अल्ट्रामरीन, ब्रशच्या टोकावर येईल एवढा व्हिरिडियन आणि निळ्याचा भडकपणा मारायला किंचित ऑरेंज. हा रंग पुठ्ठ्यावर लावून वाळू द्या, त्यावर ऑरेंजचा ठिपका द्या आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. ठिपका गडद दिसला तर आभाळात अल्ट्रामरीन वाढवा, उजळ दिसला तर ऑरेंजमध्ये कणभर रेड. ठिपका दिसेनासा झाला की मिश्रण जमलं.

आता टर्पेंटाइनने पातळ करून चपट्या ब्रशने आभाळ आणि पाणी भरा. कॅनव्हासची वीण दिसू द्या. खिडक्या उघड्या ठेवा. थर ओला असतानाच डोलकाठ्या आणि धुराडी त्याच रंगाच्या जरा गडद छटेने उभी ओढा, म्हणजे कडा आपोआप विरघळतात. कडा धारदार झाल्या की धुकं संपलं. १८७४ च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात समीक्षक लुई लरुआने याच ‘अपुरेपणा’ची टिंगल केली आणि त्याच्या लेखातूनच या चित्रकारांसाठी ‘इंप्रेशनिस्ट’ हे नाव रुळलं. खरं तर हे चित्र ल हाव्रचं दृश्य म्हणून खपणार नाही, म्हणून मोनेने स्वतःच ‘इंप्रेशन’ (मनावर उमटलेला ठसा) हा शब्द दिला होता.

सूर्य मात्र थर वाळल्यावरच, दोन-तीन दिवसांनी. ओल्या निळ्यावर ऑरेंज घातली की दोन्ही मिसळून चिखल होतो. ब्रश भरून घ्या, एकदाच टेकवा, पुन्हा फिरवू नका. पाण्यातलं प्रतिबिंब सलग ओढायचं नाही. आडवे, तुटक फटकारे, मध्ये पाणी दिसेल असे.

शेवटी होड्या: जवळची सर्वांत गडद, मागच्या दोन क्रमाने फिक्या. तिन्ही सारख्याच गडद झाल्या तर पाणी भिंतीसारखं उभं राहतं.