वर्गणीच्या रेडिओचं रेकॉर्डिंग पुढे पाठवण्याआधी

"कालचा भाग कुणाकडे आहे का?" आवडत्या कार्यक्रमाच्या श्रोत्यांचा ग्रुप असला की हा प्रश्न येतोच, आणि थोड्याच वेळात कुणीतरी तीन तासांची फाइल टाकून मोकळं होतं. मी वर्षानुवर्षं रेडिओ रेकॉर्ड करत आले आहे, त्यामुळे मागणाऱ्याला नाही म्हणणं किती जड जातं ते मला ठाऊक आहे. पण पैसे भरून ऐकायच्या रेडिओला अशा फायलींनी तोटा होतो का, याला सरसकट हो किंवा नाही हे उत्तर नाही. ती फाइल कशाची जागा घेते, त्यावर ते ठरतं. पाठवण्याआधी मी काय बघते ते सांगते.

आधी बघा, तो भाग आज वर्गणीदाराला ऐकायला मिळतो का. मिळत असेल आणि तुम्ही अख्खा दिलात, तर वर्गणी भरायचं कारणच तुम्ही फुकट वाटलंत. जाहिरातींवर चालणाऱ्या रेडिओचं रेकॉर्डिंग फिरलं तर निदान त्यातल्या जाहिराती तरी सोबत फिरतात. वर्गणीच्या रेडिओकडे विकायला कार्यक्रमच असतो. हॉवर्ड स्टर्न या लोकप्रिय अमेरिकी रेडिओ निवेदकाने ऑक्टोबर २००४ मध्ये सिरियस या अमेरिकी उपग्रह रेडिओवर जाणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा सिरियसचे वर्गणीदार सहा लाखांच्या आसपास होते. २००५ संपताना, त्याचा तिथला पहिला कार्यक्रम व्हायच्या आधीच, ते ३३ लाखांवर गेले होते. सगळे काही त्याच्यासाठीच आले नसतील. तरी तेव्हाचे महिन्याला १२.९५ डॉलर भरायला माणसं कशाने तयार झाली, ते यातून कळतं.

उलट, जितक्या फायली उतरवल्या गेल्या तितके गिऱ्हाईक बुडाले, हा हिशेबही मला पटत नाही. मागणाऱ्यांत कधीच पैसे न भरणारे असतात, तसे पैसे भरूनही कामामुळे भाग चुकलेले असतात. म्हणून मागणाऱ्याला सरळ विचारा: "वर्गणी आहे का तुमची?" असेल तर त्याला फाइल देऊ नका, वाट दाखवा. बऱ्याच सेवांच्या ॲपमध्ये कार्यक्रमाच्या पानावर मागचे भाग असतात, पण थेट प्रसारणाचं बटण दाबायची सवय लागलेली माणसं तिकडे फिरकतच नाहीत.

सगळ्यात जास्त जपायचं ते सातत्याला. चुकलेला एखादा भाग मित्राला ऐकवणं वेगळं आणि रोज सकाळी ग्रुपवर रतीब घालणं वेगळं. ठरल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी फाइल मिळायला लागली की भरणारा माणूसही पुढच्या महिन्याची वर्गणी भरताना हात आखडता घेतो. मोठ्या कंपनीला ते जाणवणारही नाही कदाचित. पण दोन-तीन माणसं मिळून चालवतात अशा छोट्या सेवेचे दहा वर्गणीदार गेले, तर निवेदकाच्या मानधनालाच कात्री लागते. अशा छोट्यांचा अख्खा भाग मी कुणालाही देत नाही.

द्यायचीच असेल तर क्लिप द्या, आणि ती नीट कापा. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, दोन-तीन मिनिटांचा असा तुकडा शोधा की ज्यात प्रश्न आणि उत्तर दोन्ही येतील. नुसतं उत्तर दिलं की माणूस भलतंच बोलल्यासारखा वाटतो. मग लाटांचं चित्र मोठं करा. बोलणारा श्वास घेतो तिथे रेष जवळजवळ सपाट होते. कात्री तिथे लावा, शब्दावर नको. शेवटी हशा असेल तर तो पुरता विरू द्या. मधेच तोडलेला हशा कानाला फार टोचतो. मागे गाणं वाजत असेल तर तो तुकडा सोडून दुसरा निवडा, कारण गाण्याचे हक्क वेगळ्यांचे असतात. अमेरिकेत उपग्रह रेडिओला २०१८ पासून उत्पन्नाचे १५.५ टक्के ध्वनिमुद्रणांच्या मानधनापोटी द्यावे लागतात. म्हणजे वर्गणी आटली की गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वाटाही आटतो. क्लिपसोबत कार्यक्रमाचं नाव, तारीख आणि पूर्ण भाग कुठे ऐकायला मिळेल ते लिहा. त्याखाली तुमचं स्वतःचं मत चार ओळींत तरी मांडा.

मत मांडण्याला कायद्याचाही आधार आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३७ प्रसारकाला त्याच्या प्रसारणावर २५ वर्षांचा हक्क देतं. कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी रेकॉर्ड करायला आणि परीक्षण, अध्यापन किंवा संशोधनासाठी उतारे वाजवी प्रमाणात वापरायला मोकळीक देतं. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानेही १९८४ मध्ये, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, टीव्हीचा कार्यक्रम सवडीने बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं मान्य केलं. स्वतःसाठी म्हणजे स्वतःसाठी. पाचशे जणांचा ग्रुप त्यात बसत नाही.

अती झालं की भोगावं लागतं ते साध्या श्रोत्यांना. एक्सएम या अमेरिकी उपग्रह रेडिओचा संगणकाला जोडायचा एक छान रिसीव्हर होता. टाइमट्रॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरने त्यावरून गाणं-गाणं सुटं करून, नावानिशी फायली बनवता यायला लागल्या, आणि २००४ मध्ये एक्सएमने तो रिसीव्हर विकणंच थांबवलं. ज्यांना नुसतं ऐकायचं होतं, तेही मुकले.

जुन्या, कुठेच न मिळणाऱ्या भागांची गोष्ट निराळी आहे, आणि इथे मी ठामपणे रेकॉर्ड करणाऱ्यांच्या बाजूने आहे. वर्ल्डस्पेस या वर्गणीच्या उपग्रह रेडिओची मूळ कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद पडली. बंद सेवेची वर्गणी कोण बुडवणार? बीबीसीने तर स्वतःच पुसून टाकलेल्या कार्यक्रमांसाठी पुढे लोकांना आवाहन केलं, तुमच्याकडे काही असेल तर द्या म्हणून. तेव्हा असं काही तुमच्याकडे असेल तर मूळ फाइलला हात लावू नका. एमपी३ची पुन्हा पुन्हा एमपी३ करू नका, दर वेळी आवाज थोडा मरतो. चॅनेल, तारीख, निवेदक, कुठल्या यंत्रावर घेतलं, हे सगळं सोबतच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहा आणि दोन वेगळ्या डिस्कवर प्रती ठेवा. सेवा बंद झाली तरी हक्क कुणाकडे तरी असतातच. म्हणून सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी हक्कदाराला किंवा निवेदकाला पत्र टाका. त्यांनी नको म्हटलं तर ठेवा तुमच्यापाशीच, आणि मूळ प्रत हवी म्हणाले तर आनंदाने द्या.