स्क्विड प्रॉक्सीवर आयपी पत्त्यांचे पट्टे कसे अडवावेत

कार्यालयातील सर्व संगणक स्क्विड प्रॉक्सीमार्फत (म्हणजे त्यांच्या वतीने विनंत्या पुढे पाठवणाऱ्या मधल्या सर्व्हरमार्फत) इंटरनेटवर जात असतील, तर ज्या अंतर्गत सर्व्हरपर्यंत फायरवॉल वापरकर्त्याला थेट जाऊ देत नाही, तेथे तो प्रॉक्सीच्या आडून पोहोचू शकतो, कारण विनंती प्रॉक्सीच्या पत्त्यावरून जाते. म्हणून एकेका संकेतस्थळाचे नाव अडवण्याआधी खासगी पत्त्यांचे (फक्त अंतर्गत जाळ्यात चालणाऱ्या पत्त्यांचे) पट्टे बंद करावेत, असे माझे ठाम मत आहे.

स्क्विडच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये पुढील दोन ओळी लिहाव्या लागतात. येथे त्या देवनागरीत दिल्या आहेत. फाइलमध्ये अक्षरे आणि अंक इंग्रजीच हवेत, आणि पट्ट्यांना दिलेले नावही इंग्रजी अक्षरांतच असावे.

एसीएल आतले_पट्टे डीएसटी १०.०.०.०/८ १७२.१६.०.०/१२ १९२.१६८.०.०/१६ १६९.२५४.०.०/१६
एचटीटीपी_अ‍ॅक्सेस डिनाय आतले_पट्टे

एसीएल म्हणजे नाव दिलेली अट; पहिली ओळ ती ठरवते आणि दुसरी तिच्यात बसणारी विनंती नाकारते. डीएसटी म्हणजे विनंती जेथे जायची तो पत्ता. त्याऐवजी एसआरसी लिहिले, तर विनंती करणारे संगणकच अडवले जातात आणि सगळ्या कार्यालयाचे इंटरनेट बंद पडते. तिरप्या रेषेनंतरचा आकडा पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट स्थिर आहेत हे सांगतो: /२४ मध्ये २५६ पत्ते येतात, /१६ मध्ये ६५,५३६. चूक बहुतेक वेळा १७२ च्या पट्ट्यात होते. हा पट्टा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंत पसरलेला असल्याने तेथे /१२ च हवे. /१६ लिहिल्यास सोळापैकी पंधरा भाग उघडे राहतात. जाळ्यात आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी, लांब पद्धत) असेल, तर एफसी००::/७ आणि एफई८०::/१० हे पट्टेही त्याच एसीएलमध्ये घालावेत.

सर्वांत अधिक काळजी क्रमाची घ्यावी. स्क्विड एचटीटीपी_अ‍ॅक्सेसच्या ओळी वरून खाली वाचतो आणि जी पहिली ओळ लागू पडते तिच्यावरच निर्णय देऊन थांबतो. त्यामुळे कार्यालयाच्या नेटवर्कला परवानगी देणारी ओळ वर राहिली, तर खालच्या मनाईचा काहीही उपयोग होत नाही. एखादे अंतर्गत संकेतस्थळ प्रॉक्सीतूनच उघडावे लागत असेल, तर त्या एका पत्त्याची परवानगी मनाईच्याही वर लिहावी; मात्र त्याच ओळीत कार्यालयाच्या नेटवर्कचा एसीएलही जोडावा, म्हणजे दोन्ही अटी पूर्ण झाल्याशिवाय ती लागू होणार नाही.

वापरकर्त्याने पत्त्याऐवजी नाव टाइप केले, तरी डीएसटी तपासताना स्क्विड ते नाव डीएनएसकडून (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेकडून) सोडवून घेतो. मात्र नाव सुटलेच नाही, तर हा नियम लागू होत नाही, हे विशेषतः विनंत्या पुढच्या प्रॉक्सीकडे पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बाहेरच्या सार्वजनिक पट्ट्यांबाबत हात आखडता ठेवावा, कारण एकाच सीडीएनच्या (अनेक संकेतस्थळांचा मजकूर पुरवणाऱ्या सामाईक सर्व्हर-जाळ्याच्या) पत्त्यावर असंख्य संकेतस्थळे असतात.

फाइल जतन केल्यावर प्रथम ‘स्क्विड -के पार्स’ चालवून चुका पाहाव्यात, मग ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’ द्यावे. नंतर वापरकर्त्याच्या संगणकावरून अडवलेला पत्ता उघडून पाहावा. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (विनंत्यांच्या नोंदींच्या फाइलमध्ये) त्यासमोर टीसीपी_डिनाइड/४०३, म्हणजे विनंती नाकारल्याची खूण, दिसली पाहिजे.